दार का नाही वाजवलं त्यानं

गेल्या महिन्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती आठवडाभर आमच्याकडे राहायला आली. दिवसातून चार वेळा थेंब, खाली वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पेपर वाचायचा नाही अशी मोठी यादी होती आणि ती यादी पाळणाऱ्यातली आत्या नाही. ७८ वर्षांची आहे, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, रिटायर झाल्यावरही बसायची सवय लागली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले थोडा वेळ टीव्ही बघायला हरकत नाही, तशी लगेच मला म्हणाली, लाव काहीतरी, पण ती रडकी मालिका नको. आता सबटायटलची बारीक अक्षरं तिला वाचता येणार नव्हती आणि मला दीड तास बसून मोठ्यानं भाषांतर करत बसायचा कंटाळा होता, म्हणून मी हार्डडिस्कवर कितीतरी वर्षं पडून असलेला एक इराणी सिनेमा काढला. तो निवडण्यामागे कसलाही उदात्त विचार नव्हता. त्यात माणसं फार बोलत नाहीत एवढंच मला आठवत होतं.

सिनेमाचं नाव 'फस्ल-ए-कर्गदन', इंग्रजीत 'ऱ्हायनो सीझन', २०१२ सालचा, दिग्दर्शक बहमन गोबादी. गोष्ट एका कवीची आहे. साहेल त्याचं नाव, कुर्दिश. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर त्याला राजकीय कविता लिहिल्याबद्दल ३० वर्षांची शिक्षा होते, त्याच्या बायकोला, मीनाला, १० वर्षांची. ती आधी सुटते. तिला सांगतात की तुझा नवरा वारला, कबरही दाखवतात. ती मुलांना घेऊन इस्तंबूलला जाते. आणि मग इतक्या वर्षांनी हा सुटतो, तिला शोधत इस्तंबूलला येतो, तिचं घर सापडतं, समुद्राकाठचं, आणि हा काय करतो तर गाडीत बसून राहतो. लांबून बघत राहतो नुसता. ती दार उघडते, बंद करते, बाहेर जाते, परत येते, हा काचेआड. सिनेमाचा बराचसा भाग हाच आहे.

आत्यानं सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं शांतपणे बघितली. मधे एकदा 'इस्तंबूल ना हे? दोन खंडांत आहे बघ हे शहर, पाचवीच्या पोरांना फार आवडायचं सांगायला' असं झालं. मग एकदा 'ही बाई इराणी नाही वाटत', म्हटलं बरोबर, मोनिका बेलुची आहे, इटलीची. 'छान आहे दिसायला, पण दमलेली वाटते' म्हणाली, आणि ते इतकं अचूक होतं की मी गप्प बसले. मग तो गाडीत बसलेला आहे, मीना समोरून चालत जातीये, असं तिसऱ्यांदा का चौथ्यांदा झालं आणि आत्या एकदम म्हणाली, 'अगं पण हा दार का नाही वाजवत?'

मी म्हटलं आत्या, सिनेमा आहे. तर म्हणाली, 'ते कळतंय मला. पण तीस वर्षांनी सुटलाय ना? बायको समोर दिसतीये ना? मग वाजव की दार मेल्या.'

मग मी हुशारी केली. म्हटलं, तिच्या लेखी तो मेलेला आहे, तिनं नवं आयुष्य उभं केलंय, आता याला प्रश्न पडलाय की आपण जाऊन ते मोडायचं का, वगैरे वगैरे, फिल्म क्लबात बोलतात तसं. ती 'हं' म्हणाली. तिचं 'हं' मला माहितीये, शाळेत एखाद्या पोरानं पाठ करून आलेलं उत्तर घडाघडा म्हटलं की ती असंच करत असणार. सिनेमा संपला, जेवणं झाली, रात्री साडेदहाला थेंब घालायला गेले तर मान मागे टाकून छताकडे बघत म्हणाली, 'तरी पण.'

ते 'तरी पण' माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

दोन दिवसांनी मी एकटीनं सिनेमा परत लावला, आणि या वेळी गोष्टीपेक्षा त्या म्हाताऱ्या साहेलच्या चेहऱ्याकडे बघत बसले. बेहरूज वोसूगी. इराणमध्ये क्रांतीच्या आधी हा माणूस म्हणजे केवढा मोठा स्टार होता हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९६९ चा 'कैसर', १९७४ चा 'गवज्नहा', रस्त्यावरचा रागीट, मार खाणारा आणि उठून परत उभा राहणारा हिरो. या 'गवज्नहा'च्या नावाला एक भयंकर गोष्ट चिकटलेली आहे, १९ ऑगस्ट १९७८ ला आबादान शहरातलं सिनेमा रेक्स हे थिएटर लोक आत असताना पेटवलं गेलं, चारशेच्या आसपास माणसं जळून मेली, तेव्हा पडद्यावर हाच सिनेमा चालू होता. म्हणजे लोक त्याच्याकडे बघत होते आणि बघता बघता मेले. क्रांतीच्या आसपासच वोसूगी अमेरिकेत गेला तो तिथेच राहिला. जो माणूस तेहरानमध्ये रस्त्यानं चालू शकत नव्हता तो कॅलिफोर्नियात कुणालाच ओळखू न येणारा एक म्हातारा होत गेला. आणि तीसेक वर्षांनी गोबादीनं त्याला बोलावून कुणाची भूमिका दिली, तर ३० वर्षं आत राहून बाहेर आलेल्या माणसाची. त्याला फारसे संवादच दिलेले नाहीत. गरजही नाही म्हणा. त्याचे डोळ्याखालचे फुगवटे, कपाळावरच्या आठ्या, पांढरी दाढी, कॅमेरा नुसता त्या चेहऱ्यावरून फिरत राहतो. तरुण साहेल दुसऱ्या नटानं केलाय, पण जुन्या इराणी प्रेक्षकाला तरुण वोसूगीचा चेहरा पाठ असणारच, त्याच्या मनात दोन्ही चेहरे एकदम येत असतील. आपल्याला ती मजा मिळत नाही. मजा हा शब्द चुकीचाय, पण असो.

आणि याच वोसूगीचं एकेकाळी लग्न झालं होतं गूगूशशी, तीही तितकीच मोठी, गायिका. १९७५ साली लग्न, वर्ष-दीड वर्षात मोडलं. पुढे क्रांती झाली, बायकांनी पुरुषांसमोर एकटीनं गायचं नाही असा नियम आला. तो बाहेर राहिला आणि ती आत. २००० साली देशाबाहेर पडेपर्यंत २१ वर्षं ती स्टेजवर गायली नाही. आता याला तुरुंग म्हणायचं की नाही? गज नाहीत, जेलर नाही, घरात राहतेय, स्वयंपाकघरात गुणगुणत असेल कदाचित. मला सिनेमा बघताना उगाच सारखं वाटत राहिलं की गाडीत बसलेला हा म्हातारा मीनाकडे बघताना नक्की कुणाकडे बघत असेल. हे माझं कल्पनेतलं, त्याचा पुरावा वगैरे काही नाही.

सिनेमात एक भेट आहे. तुरुंगातली. साहेल आणि मीनाला काही मिनिटं भेटू देतात, पण दोघांच्या डोक्यावर पिशव्या बांधलेल्या, चेहरा दिसू द्यायचा नाही. दोघं हातांनी एकमेकांना शोधतात, कापडावरून तोंडं चाचपतात, पिशवीवर पिशवी टेकवतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वाटलं, दिग्दर्शकानं जरा जास्तच केलं. मग नंतर एविनच्या तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांनी लिहिलेलं वाचत गेले तसं ते 'जास्त' वाटणं कमी होत गेलं. तिथे कोठडीबाहेर पाऊल टाकायचं तर डोळ्यांवर पट्टी, चौकशीला बसवायचं तर पट्टी, तोंड भिंतीकडे. कितीतरी जणांना आपली चौकशी करणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत माहीत नसतो, पट्टीच्या खालच्या फटीतून दिसलेल्या त्याच्या सपाता तेवढ्या माहीत असतात. आवाज, वास आणि सपाता. तेहरानच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी आहे हे एविन, बांधलं शहाच्या, म्हणजे क्रांतीआधीच्या राजाच्या काळात, त्याच्या गुप्त पोलिसांसाठी, आणि क्रांती करणाऱ्यांनी ते पाडलं नाही, वापरायला घेतलं. ज्यांना शहानं तिथे ठेवलं होतं त्यातले काही नंतर परत तिथेच गेले. नवीन सरकारला सगळं नवीन हवं असतं, जेल मात्र जुना चालतो.

त्या भेटीत पुढे जे होतं ते मी आत्याबरोबर बघताना फॉरवर्ड केलं. मीनाच्या वडलांकडे अकबर नावाचा ड्रायव्हर असतो, वडील शहाच्या सैन्यातले कर्नल. हा अकबर मीनावर एकतर्फी जीव लावून बसलेला, त्यापायी मारही खाल्लेला. क्रांतीनंतर पारडं फिरतं, अकबर मोठा माणूस होतो, साहेबाच्या मुलीचं आणि जावयाचं काय करायचं हे त्याच्या हातात येतं. आणि त्या पिशवी बांधलेल्या भेटीत तो साहेलला बाजूला करून स्वतः त्याच्या जागी जातो. मीनाच्या डोक्यावर पिशवी. पुढे जुळी मुलं होतात. मला यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही वाटते की अकबर स्वतःला प्रेमातच समजतो. शेवटपर्यंत. अकबर करणाऱ्या यिलमाझ एर्दोआननं ते इतकं बारीक केलंय की त्याचा राग येतो आणि कीवही येते आणि मग कीव आल्याचा राग येतो. हुकूमशाहीत कारस्थानं वरून होतात असं आपण म्हणतो पण खाली, गल्लीत, घरात, ड्रायव्हरच्या मनात एक जुना अपमान असतो आणि एक दिवस त्याला शिक्का आणि टेबल मिळतं.

आता खोट्या कबरीबद्दल. हेही मला आधी फिल्मी वाटलं होतं. जिवंत माणसाची कबर दाखवतात म्हणे! पण १९८८ च्या उन्हाळ्यात, इराक-इराण युद्ध संपता संपता, एविन आणि गोहरदश्तच्या तुरुंगांत जे झालं ते याच्या बरोबर उलटं होतं. हजारो राजकीय कैदी, ज्यातले कित्येक आधीच शिक्षा भोगत होते, त्यांना काही मिनिटांची चौकशी करून फाशी दिलं. भेटी बंद केल्या होत्या. घरच्यांना कितीतरी दिवसांनी कळलं, अनेकांच्या हातात नुसती कपड्यांची पिशवी दिली, रडायचं नाही, शोकसभा करायची नाही अशी ताकीद. कबरी दाखवल्याच नाहीत. तेहरानच्या बाहेर खावरान नावाची जागा आहे, तिथे उकरलेल्या मातीवरून आयांनी ओळखलं, आणि त्या तिथे फुलं घेऊन जात राहिल्या, हाकलून दिलं तरी परत जात राहिल्या. म्हणजे एकीकडे माणूस मेला पण कबर नाही आणि सिनेमात कबर आहे पण माणूस मेलेला नाही. दोन्हीकडे घरच्या बाईनं मात्र तेच करायचं, कुठल्या तरी मातीसमोर जाऊन उभं राहायचं.

फारसी कळत नाही मला, पण ऐकताना मधेच एखादा शब्द ओळखीचा निघतो आणि दचकायला होतं. फस्ल म्हणजे ऋतू, आपल्याकडे जुन्या कागदांत फसली सन असतो तोच हा. साहेल म्हणजे किनारा, साहिल. कैद, गुन्हा, जामीन, माफी, सजा, कबर, फिर्याद, आपल्या कोर्टकचेरीचं अर्धं सामान तिकडूनच आलेलं आहे. गंमत म्हणजे 'तुरुंग' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला म्हणतात. बाकी कैद करून, गुन्हा लावून, जामीन नाकारून, सजा देऊन माफीपर्यंत सगळं फारसीत होतं, फक्त आत टाकायची खोली तेवढी पोर्तुगीज. आत्याला हे सांगितलं तर खूश झाली. 'आणि आशा?' म्हणाली. म्हटलं ती आपली, संस्कृत. तर म्हणाली, 'बरं झालं.'

पण मी या सिनेमापाशी इतकी का अडकले याचं कारण पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा पडद्यामागं आहे. २००९ च्या जानेवारीत तेहरानमध्ये रोक्साना साबेरी नावाच्या पत्रकार बाईला पकडलं. वडील इराणी, आई जपानी, जन्म अमेरिकेतला. वडलांना फोन करू दिला त्यात तिनं सांगितलं की वाइनची बाटली विकत घेतली म्हणून पकडलंय. नंतर ते हेरगिरी झालं आणि ८ वर्षांची शिक्षा झाली. ही रोक्साना म्हणजे बहमन गोबादीची त्या वेळची जोडीदार. तो बाहेर, ती एविनमध्ये. त्यानं एक उघडं पत्र लिहिलं. त्यात साधारण असं होतं की ती कधीच इथून जाणार होती, मीच तिला थांबवलं, माझा सिनेमा अडकला होता, मी खचलो होतो म्हणून ती थांबली, दोष माझा आहे. ते पत्र मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्यातला राजकीय भाग मला आठवत नाही, 'मीच तिला थांबवलं' एवढंच राहतं. शंभर दिवसांनी, मे महिन्यात, ती सुटली. त्याच महिन्यात गोबादीचा, तिनं लिहायला मदत केलेला, तेहरानमध्ये परवानगीशिवाय चोरून शूट केलेला सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. मग तोही देश सोडून गेला. आणि परदेशात केलेला त्याचा पहिला सिनेमा हा. यात आत गेलेला पुरुष आहे आणि बाहेर राहिलेली बाई, म्हणजे त्यानं बाजू बदलल्या. स्वतःला त्यानं कुठे ठेवलं असेल? मला तरी वाटतं, गाडीत. काचेआड बसून दुसऱ्याचं दार बघत राहणं हे कैद्यापेक्षा बाहेर थांबलेल्या माणसाला जास्त माहीत असतं.

हे सगळं असूनही सिनेमा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. फार देखणा आहे, त्रास होण्याइतका देखणा. प्रत्येक फ्रेम निळी-राखाडी, ओली, भिंतीवर लावावी अशी. तुरुंगाच्या अंगणात आकाशातून कासवं पडतात, गाडीच्या खिडकीतून घोडा तोंड आत घालतो, उजाड माळावर गेंडे. कासवांचं मला कळलं, म्हणजे कळलं नाही पण पोटात काहीतरी झालं, पाठीवर पडलेलं कासव पाय हलवतंय आणि बांधलेला माणूस बघतोय. पण घोड्यापर्यंत येईतो मी थोडी थकले होते. आणि जुळ्यांतल्या मुलीचा आणि साहेलचा जो प्रसंग आहे, तो मला नकोच होता, तिथे कवितेचं भान सुटून नुसता धक्का द्यायची हौस दिसते. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे मीना. ती १० वर्षं आत होती, ती पोटुशी राहिली, तिनं दोन मुलं वाढवली, परक्या देशात घर चालवलं, आणि आपण तिच्याकडे सबंध सिनेमाभर त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरून बघतो. आत्याचं एक वाक्य, 'हिला कुणी काही विचारतच नाही का गं?' मी समीक्षा लिहिली असती तर दोन पानं घालवली असती याच गोष्टीवर.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यासाठी बाकीचं सगळं माफ. मीना इस्तंबूलमध्ये लोकांच्या अंगावर टॅटू काढते. साहेलच्या कवितांच्या ओळी गोंदते. म्हणजे ज्या कवितांसाठी त्याला आत टाकलं, त्या आता परक्या माणसांच्या पाठीवर शहरभर फिरतायत. आणि एक दिवस हा तिच्याकडे गिऱ्हाईक होऊन जातो. उपडा झोपतो. चेहरा खाली. ती मशीन चालू करते आणि त्याच्याच कवितेची ओळ त्याच्याच पाठीवर सुईनं लिहायला लागते. तिला माहीत नाही कोण आहे. तो बोलत नाही. नुसती ती घरघर ऐकू येते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचा हात त्याला लागतोय तो रबरी हातमोज्यातून आणि सुईतून. तिथे आत्या पुढे सरकून बसली होती खुर्चीत, ऑपरेशन झालेला डोळा मिटून दुसऱ्यानं बघत होती. काही बोलली नाही. मी पण नाही.

खऱ्या आयुष्यात गोष्टी इतक्या सुबक होत नाहीत. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या इराणच्या नर्गिस मोहम्मदीचं नाव २०२३ च्या शांततेच्या नोबेलमुळे आपल्याकडेही पेपरांत आलं. तिचा नवरा तघी रहमानी, तोही लेखक, तोही वेगवेगळ्या वेळी मिळून १४ वर्षं आत. १९९९ मध्ये लग्न, आणि लग्नानंतर एकदा हा आत तर एकदा ती आत. २०१२ मध्ये तो पॅरिसला गेला, २०१५ मध्ये जुळी मुलं त्याच्याकडे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ओस्लोला आईचं पारितोषिक घ्यायला ती दोघं स्टेजवर उभी होती, १७ वर्षांची, मध्ये एक रिकामी खुर्ची, आणि आईनं तुरुंगातून पाठवलेलं भाषण त्यांनी वाचून दाखवलं. आईला समोर बघून तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी तो व्हिडिओ ऑफिसात डबा खाताना बघितला होता. मुलगी फ्रेंचमध्ये वाचत होती आणि माझ्या मनात असला क्षुद्र विचार आला की उद्या आई आली भेटायला तर ही दोघं आधी कुठल्या भाषेत बोलतील.

आता आत्याचं सांगते. सांगावं की नाही असा बराच विचार केला, कारण येरवड्याचे १९ महिने आणि एविनची ३० वर्षं एका तराजूत घालायची माझी अजिबात इच्छा नाही, तो दोन्हीकडच्यांचा अपमान होईल. पण काका, म्हणजे आत्याचे यजमान, आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, आत होते. जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७. आम्हा भाचरांना ही गोष्ट लहानपणापासून पाठ, कारण काका ती फार रंगवून सांगायचे. येरवडा म्हणजे जणू शिबिरच. पहाटे योगासनं, दुपारी कॅरम, संध्याकाळी व्याख्यानं, एकमेकांच्या विचारसरणीची रेवडी उडवणं, कुणीतरी जर्मन शिकवायचं, कुणीतरी भजी कशी करवली त्याचा किस्सा. आम्ही हसून लोळायचो. काका गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. सगळ्या किश्श्यांमध्ये आत्या कुठे असायची तर आत स्वयंपाकघरात, चहा टाकत. त्या १९ महिन्यांत तिनं काय केलं हे मला खरंच माहीत नव्हतं. नोकरी होती, सासू होती, दोन वर्षांचा दादा होता, हे हिशेबानं कळतं. पण विचारलं कुणीच नव्हतं. मी पण इराणच्या तुरुंगांवरची पुस्तकं मागवून वाचणारी बाई, आणि घरात ही बसलेली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिची बॅग भरत होते. दादा सातला न्यायला येणार होता. थेंबांची बाटली, काळा गॉगल, डॉक्टरची फाइल, सगळं वरच्या कप्प्यात. ती पलंगावर बसून आपल्या साडीच्या घड्या मी कशा चुकीच्या करते ते बघत होती. आणि मधेच, काही विषय नसताना, म्हणाली, 'ह्यांनी वाजवलं होतं.'

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

'दार गं. सुटून आले तेव्हा. आपला तो जुना वाडा, दिवसा कोण दार लावतंय, उघडंच असायचं. शाळा सकाळची होती, मी घरी आले होते, तांदूळ निवडत बसले होते. तर कडी वाजली. उघड्या दाराची कडी! मी आतूनच म्हटलं कोण आहे, या. तर कुणी येईना. परत वाजली. मी वैतागले, म्हटलं अहो कोण आहे, दार उघडं आहे ना. तर बाहेरून नाव आलं. सबंध नाव. ह्यांचं, सासऱ्यांचं, आडनाव. हजेरीत सांगतात ना, तसं.'

मी घडी तशीच हातात धरून उभी. म्हटलं, मग?

'मग काय. उभे होते पायरीवर, पिशवी घेऊन. कुणी या म्हटलं नाही तरी आत यायचं असतं हे विसरलेच होते बहुतेक.'

'तू म्हणालीस ना?'

'म्हणाले की.' तिनं माझ्या हातातली साडी काढून घेतली, मोडली आणि मांडीवर पसरून परत पहिल्यापासून घालायला लागली. 'पण लगेच नाही. आधी सुपातले तांदूळ डब्यात भरले.'